डोंगरातल्या शेवटच्या गाडीचे पैसे कोणी द्यायचे?

साताऱ्याला फोन झाला की घरची मंडळी जर्मनीतले रुंद रस्ते, वेगमर्यादा नसलेले महामार्ग आणि तिथल्या मोटारी यांच्याबद्दल हौसेने विचारतात. मला मात्र इथे आल्यापासून सर्वांत जास्त विचार करायला लावले ते गावोगावी फिरणाऱ्या साध्या बसने, आणि त्याहूनही ती बस चालवण्याचा पैसा कुठून येतो या प्रश्नाने. आपल्याकडे एसटीचा विषय निघाला की बोलणे तोट्यापाशी येऊन अडते, आणि तोटा म्हटले की पुढचा विचारच खुंटतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावा असे वाटले.

मी दक्षिण जर्मनीत राहते ते गाव आपल्या मेढ्यासारखेच लहान आहे. जवळच्या शहराकडे दर तासाला एक बस सुटते. पहाटेच्या गाडीत रुग्णालयातल्या परिचारिका आणि बेकरीतले कामगार असतात, साडेसातच्या सुमारास शाळकरी मुलांनी ती गच्च भरते, दुपारी पिशव्या घेतलेली म्हातारी माणसे चढतात, आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीत बहुतेक वेळा दोन-तीनच प्रवासी असतात. त्या दोन-तीन जणांच्या तिकिटातून डिझेलचाही खर्च निघत नसणार, हे सांगायला हिशेबनीस नको. तरीही ती गाडी सुटते, कारण ती सुटावी की नाही हे त्या रात्रीच्या गल्ल्यावर ठरत नाही. कोणत्या मार्गावर दिवसातून किती फेऱ्या हव्यात हे जिल्ह्याचे प्रशासन ठरवते, तेवढ्या फेऱ्यांसाठी बस कंपनीशी काही वर्षांचा करार करते, आणि तिकिटांतून न निघणारा खर्च सार्वजनिक पैशातून भागवला जातो.

हा पैसा दरवर्षी कोणाच्या दारात उभे राहून मागावा लागत नाही, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. १९९६ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे लोकांना पुरेशी स्थानिक वाहतूक सेवा मिळेल हे पाहणे ही शासनाची जबाबदारी मानली गेली आहे. त्यासाठी केंद्राच्या करांतून राज्यांना ठरावीक वाटा मिळेल, अशी तरतूद थेट राज्यघटनेत आहे. हा वाटा इंधनावरच्या करातून दिला जातो, आणि २०२३ पासून तो दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत जाईल असे कायद्यानेच ठरले आहे. त्यातला मोठा भाग स्थानिक रेल्वेगाड्यांवर खर्च होत असला, तरी तत्त्व एकच आहे. जो स्वतःच्या मोटारीत पेट्रोल भरतो, तो बसमध्ये कधी पाऊल न ठेवताही सार्वजनिक वाहतुकीला हातभार लावतो. आणि ते योग्यच आहे, कारण बसमध्ये बसलेली चाळीस माणसे चाळीस वाहने घेऊन रस्त्यावर आली असती तर त्याचीच मोटार अडकून पडली असती.

इथे सगळे आलबेल आहे असे मात्र मुळीच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने अवघ्या ९ युरोंत महिनाभर देशभरच्या स्थानिक गाड्यांतून फिरता येईल असे तिकीट निघाले आणि त्याला उदंड प्रतिसाद मिळाला. पुढे मे २०२३ पासून ४९ युरोंचे कायमस्वरूपी मासिक तिकीट सुरू झाले, आणि त्यामुळे बुडणाऱ्या उत्पन्नापोटी केंद्र आणि राज्ये वर्षाला प्रत्येकी दीड अब्ज युरो देऊ लागली. हे तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंवर आणि २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेले, कारण वाढता खर्च कोणी उचलायचा यावरून केंद्र आणि राज्ये यांची ओढाताण चालूच राहिली. शहरांत या तिकिटाचे कौतुक होते. खेड्यांत मात्र एक तक्रार सतत ऐकू येते, आणि ती मला आपल्याकडच्या परिस्थितीच्या अगदी जवळची वाटते: तिकीट स्वस्त झाले हे खरे, पण आमच्या गावाला रविवारी बसच येत नसेल तर ते स्वस्त तिकीट घेऊन आम्ही करायचे काय?

माझे आजोळ जावळी तालुक्यात. तिथे मुक्कामी गाडी यायची. दिवेलागणीनंतर घाटातून तिचे दिवे दिसू लागले की कोणाची लेक आली, कोणाचा मुलगा मुंबईहून आला, हे पाहायला माणसे देवळापाशी जमत. गाडी तिथेच उभी राहायची. चालक आणि वाहक कोणाच्या तरी ओट्यावर भाकरी खाऊन गाडीतच अंग टाकायचे, आणि सकाळी उजाडता उजाडता तीच गाडी साताऱ्याकडे निघायची. त्या एका गाडीत महाविद्यालयात जाणाऱ्या मुली असत, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी असे, आणि सिव्हिलमध्ये दाखवायला निघालेली, मामीच्या खांद्यावर मान टाकून बसलेली शेजारची आजी असे. या गाडीची किंमत तिच्या तिकीटविक्रीवरून काढणे मला आजही अन्यायाचे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शाळा खेड्यांपर्यंत नेली. पण सातवी-दहावीच्या पुढचे शिक्षण ज्या मुलींना मिळाले, त्यांतल्या कितीतरी जणींना ते एसटीच्या पासामुळेच मिळाले आहे.

एसटीने १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडली, आणि "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" हे ब्रीद घेऊन ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. मात्र ज्या १९५० च्या कायद्याखाली महामंडळ चालते, तो त्याने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा असे सांगतो, आणि प्रवासी उत्पन्नावर राज्याचा १७.५ टक्के प्रवासी करही वर्षानुवर्षे लागत आला आहे. म्हणजे सेवा लोकहिताची, हिशेब व्यापाराचा आणि वर कराचा बोजा, असा तिहेरी भार एकाच संस्थेवर आहे.

राज्य शासन एसटीला काहीच देत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळतो, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे, शाळकरी मुलींना तर पास मोफत आहे. आणि या सवलतींची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला देते. या सवलतींची मी मनापासून समर्थक आहे. साताऱ्याच्या बाजाराला, माहेराला किंवा दवाखान्याला निघालेल्या बायकांच्या हातात त्यामुळे चार पैसे उरले आहेत. परंतु ही रक्कम प्रवाशामागे मिळते, फेरीमागे नव्हे. जिथे माणसे जास्त तिथे ती जास्त येते. परळी खोऱ्यातल्या किंवा कोयनेच्या काठावरच्या पाच-सात घरांच्या वस्तीवर जाणाऱ्या गाडीला तिच्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि गाड्या व मनुष्यबळ कमी पडले की कात्री आधी अशाच फेरीला लागते.

त्यानंतर जे घडते ते सातारा-सांगलीकडच्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचे प्रमाण, कमी म्हणून एक फेरी बंद होते, लोक वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपकडे वळतात, तरुण पोरे हप्त्यावर मोटारसायकल घेतात, त्यामुळे उरलेल्या फेरीचे भारमान आणखी घटते, आणि मग तीही कागदावर तोट्याची ठरते. वडापवाल्यांना मी दोष देणार नाही, कारण गाडी नसते तेव्हा तेच धावून येतात. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, तिच्यात पास चालत नाही, आणि अंधार पडल्यावर एकट्या मुलीला तिच्यात बसवायला आईबाप धजावत नाहीत. संध्याकाळचे प्रात्यक्षिक संपण्याआधीच शेवटची एसटी निघून जात असेल, तर त्या मुलीने विज्ञान शाखा सोडून देणे हा तिच्या घराला शहाणपणाचा निर्णय वाटतो. हे नुकसान कोणत्याही आगाराच्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की सवलतीचा पैसा चालू ठेवून त्याच्या जोडीला फेरीचा पैसा वेगळा आणि निश्चित असावा. डोंगरी आणि दुर्गम मार्गांवर किमान किती फेऱ्या हव्यात हे जिल्ह्यात ठरावे, आणि त्या फेऱ्यांचा प्रत्येक किलोमीटरमागचा खर्च, गाडीत माणसे किती बसली हे न पाहता, शासनाने पाच वर्षांच्या हमीने द्यावा. पेट्रोल-डिझेलवर राज्य सरकार मूल्यवर्धित कर घेतेच. त्यातला छोटा वाटा यासाठी कायद्याने बांधून देता येईल. नोकरदारांच्या येण्याजाण्याचा फायदा ज्या कारखान्यांना होतो त्यांनाही यात सामील करता येईल. व्हिएन्ना शहरात १९७० पासून तसा कर आहे, आणि २०१२ पासून मालकाला प्रत्येक कामगारामागे आठवड्याला दोन युरो भरावे लागतात. शिरवळ, तासवडे, कुपवाड या औद्योगिक वसाहतींच्या पाळ्यांना जुळणाऱ्या गाड्या मिळणार असतील, तर असा माफक वाटा उद्योगांनाही जड जाऊ नये.

यासाठी गावाकडच्या मंडळींना एक गोष्ट आजही करता येईल. गावाला येणारी पहिली आणि शेवटची गाडी कोणती, तिच्यावर शाळेची मुले, रुग्ण आणि कामगार किती अवलंबून आहेत, हे लिहून ग्रामसभेचा ठराव करावा. एकाच खोऱ्यातल्या गावांनी आपले ठराव एकत्र करून आगारप्रमुखांना, विभाग नियंत्रकांना आणि आमदारांना द्यावेत, आणि त्यांत केवळ "फेरी पूर्ववत करा" अशी विनंती न करता त्या फेरीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद मागावी. आगारप्रमुखाच्या हातात जेवढ्या गाड्या आणि चालक असतात तेवढ्यातच त्याला भागवावे लागते, त्यामुळे मागणी मुंबईत अर्थसंकल्प ठरतो तिथपर्यंत पोचली पाहिजे, आणि तो मार्चमध्ये मांडला जाण्याआधी, दिवाळीनंतरच्या ग्रामसभांतच हे ठराव झाले तर ते वेळेत पोचतील.