माझी आठवीची भूगोलाची वही

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा आधी मी नाहीच म्हटलं होतं, कारण बाकीचे सहली, खोखो, बक्षिसं असं लिहिणार आणि मला शाळा म्हटलं की पहिली आठवते ती फिट. मग कपाटातून ती वही काढली आणि वाटलं की हेच लिहायला पाहिजे.

मी ९४ च्या दहावीची. शाळेतली एवढीच वस्तू माझ्याकडे उरलीय, आठवीची भूगोलाची वही, खाकी कव्हर घातलेली. अक्षर बरं होतं माझं. पण दर दोन-चार पानांनी एखाद्या शब्दाच्या मधूनच शाईची रेघ सुटते आणि तिरकी वर जात समासाच्या बाहेर निघून जाते. 'सह्याद्री'मधल्या 'द्री'वरून एक गेलीय ती थेट पानाच्या टोकापर्यंत. शाळा सकाळी साडेसातची, पहिला तास भूगोलाचा, आणि सकाळी माझा हात उडायचा.

उडायचा म्हणजे कोणी कोपराला धक्का द्यावा तसा, क्षणभर. मी पूर्ण शुद्धीत असायची. घरी चहाचा कप असाच हातातनं उडून चुलीपाशी फुटलाय, वेणी घालताना फणी भिंतीवर जाऊन आपटलीय. आई म्हणायची, लक्ष खंय असता गो तुझा? वर्गात एका सरांनी त्या रेघेसाठी पट्टी मारली होती, त्याच हातावर. मलाही वाटायचं मी धांदरट आहे, त्यामुळे कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता, आणि दहा वाजले की सगळं आपोआप थांबायचं, मग दिवसभर काही नाही.

१९९१ च्या डिसेंबरात गावची जत्रा होती. आपल्या देवगडकडची जत्रा ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, रात्री दशावतार उभा राहिला की पहाटे दहीकाला होईपर्यंत कोणी घरी जात नाही. खाजं खात, गोधडी पांघरून मी अख्खी रात्र जागले आणि तोंड धुवून तशीच शाळेत गेले कारण त्या दिवशी चाचणी होती. प्रार्थनेच्या रांगेत हात दोन-तीनदा उडाला एवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट ऑफिसमधल्या बाकावरचं. नाकात चामड्याच्या चपलेचा वास, मुठीत किल्ल्यांचा जुडगा, तोंडात रक्त, आणि वर सगळे चेहरे. दातखीळ सोडवायला कोणीतरी स्टीलचा चमचा घातला होता, त्यात पुढच्या दाताचा तुकडा गेला, तो अर्धा दात आजही हसताना दिसतो. स्कर्ट ओला झाला होता. तेरा वर्षांच्या मुलीला फिटचं काहीच आठवत नसतं, तो ओला स्कर्ट आणि भोवती उभी असलेली मुलं मात्र आठवतात, मला अजून एकेकाचा चेहरा सांगता येईल.

दुसऱ्या दिवसापासून 'फेपरा इला तेका' हे गावभर झालं. दोघीतिघींच्या आयांनी शाळेत येऊन सांगितलं की आमच्या मुलीला हिच्याजवळ बसवू नका, तोंडाचा फेस लागला की होतं म्हणे. होत नाही हो, हा लागण होणारा आजार नाहीच, पण तेव्हा हे सांगणार कोण. घरी देवळात कौल लावला, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे 'होय म्हाराजा' म्हणत उभे. मी देव मानते, आजही गाऱ्हाण्याला हात जोडून उभी असते, पण तेव्हा कौलात बाहेरचं लागलंय असं निघालं आणि पुढचे आठ महिने अंगारा आणि काळा दोरा यातच गेले, आणि त्या आठ महिन्यात मला आणखी चार वेळा फिट आली. नंतर एका डॉक्टरांनी गोळी सुरू केली, कार्बामाझेपिन. फिट म्हणजे एकच आजार असं लोकांना वाटतं पण त्याचे बरेच प्रकार असतात, हीच गोळी कितीतरी जणांना छान लागू पडते आणि माझ्या प्रकारात मात्र झटके वाढवू शकते. माझे वाढले.

शेवटी लालबागच्या काकांचं पत्र आलं, पोरीला इकडे घेऊन ये. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ ला, तेव्हा रात्रीची एसटी, घाटवळणं, झोप नाही, आणि सकाळी परळला उतरल्यावर फुटपाथवरच फिट आली. बाबा एकटे होते सोबत. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, काल झोपली होतीस का, आणि सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का? बाबा नाही म्हणाले. मी हो म्हटलं. कप, फणी, वहीतल्या रेघा, सगळं सांगितलं आणि मला रडू आलं, कारण इतक्या दिवसात हे कोणी विचारलंच नव्हतं आणि याचा फिटशी संबंध असेल हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवतात, दुखत काहीच नाही, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, मग डोळ्यांपुढे लाईट लुकलुकवतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या भाषेत बोलत असतात, त्या एकदम सगळ्या एका वेळी बोलायला लागल्या की फिट येते, असं डॉक्टरांनी समजावलं. माझ्या प्रकाराचं नाव जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, साधारण बारा ते अठरा वयात सुरू होणारी, सकाळचे झटके ही तिची खूण आणि जागरण हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू. व्हॅल्प्रोएट सुरू झालं. वजन वाढलं, केस गळले, पण महिन्याभरात रेघा थांबल्या.

आता शाळेबद्दल. बाबांनी डॉक्टरांचा कागद आणून सायन्सच्या बाईंना दिला. बाईंनी तो वाचला, मला प्रयोगशाळेत एकटीला बोलावलं आणि विचारलं, वर्गाला सांगितलं तर चालेल का तुला? नको म्हणालीस तर नाही सांगणार. मी दोन दिवस घेतले. शाळेने माझ्यासाठी खूप केलं पण ते दोन दिवस मला विचार करायला दिले ना, ते मला सगळ्यात मोठं वाटतं.

मी हो म्हटल्यावर बाईंनी तासातली दहा मिनिटं घेतली. फळ्यावर मेंदू काढला. मग मला नाही, एका मुलाला खाली झोपवून दाखवलं, की फिट आली तर जवळचे बाक, कंपास, जे लागेल ते बाजूला करा, डोक्याखाली दप्तर ठेवा, कॉलर सैल करा, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, जीभ गिळली जात नाही. आणि घड्याळ बघायचं. फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटात आपली आपण थांबते (म्हणूनच तर चपलेने थांबली, कांद्याने थांबली असं लोकांना वाटतं, तेवढ्यात ती थांबणारच असते), पण पाच मिनिटं झाली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर वाट न बघता दवाखाना. पूर्ण भान येईपर्यंत कोणीतरी जवळ बसायचं, पाणीसुद्धा त्यानंतरच.

घड्याळाचं काम माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला मिळालं. तिच्याकडे वडलांचं जुनं एचएमटी होतं, मनगटावर सैल व्हायचं म्हणून रुमाल बांधून घालायची. नववीत गोळी चुकली तेव्हा वर्गात फिट आली. डोळे उघडले तर वर्ग रिकामा, सगळ्यांना बाई बाहेर घेऊन गेल्या होत्या, मी कुशीवर, आणि अंगावर पायापर्यंत भारताचा नकाशा, तो भिंतीवरचा कापडी. मैत्रीण म्हणाली, दोन मिनिटं दहा सेकंद, आणि कोणी काही बघितलेलं नाहीय. एवढंच. नकाशा भिजला होता, शिपाईकाकांनी तो धुवून वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी परत भिंतीवर लावला, कोणी कधी विषय काढला नाही.

आमच्यातली बरीच मुलं खाडीपलीकडून तरीने यायची, मी पण. तारीकाकांना कोणी सांगितलं माहीत नाही, पण तेव्हापासून मला ते कडेला बसू द्यायचे नाहीत, चेडू मदी बसांदे म्हणायचे आणि मधली फळी माझ्यासाठी ठेवायचे. घरी विहिरीवर एकटीने जायचं नाही, समुद्रात उतरायचं तर पोहता येणारं मोठं माणूस सोबत पाहिजे, चुलीपाशी एकटीने बसायचं नाही, एवढे नियम होते. बाकी सगळं करायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि शाळेने ते खरंच करू दिलं.

दहावीच्या गॅदरिंगला नाचात मला घेऊ नये असं काहीजणांचं म्हणणं पडलं. बाईंनी घेतलं. फक्त लाईटवाल्याकडे स्वतः जाऊन डिस्को लाईट लुकलुकवायचा नाही म्हणून सांगून आल्या, कारण काहीजणांना तशा प्रकाशाने फिट येऊ शकते आणि माझ्या कागदात ते लिहिलेलं होतं. त्याच संध्याकाळी स्टेजवर नटराजपूजन झालं तेव्हा संस्कृतच्या सरांनी मला जवळ बोलावून मूर्ती दाखवली, पायाखाली तो बुटका पडलाय ना, त्याचं नाव अपस्मार. तुझ्या आजाराचं संस्कृत नाव हेच गो. मी नाचून आले तेव्हा सर पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढचं भराभर सांगते. कॉलेज झालं, नोकरी लागली, फिट कधीतरी वर्षाने, मग बंदच. लग्नाच्या वेळी नातेवाईक म्हणाले लपवा. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हे लग्न रद्द करून घ्यायचं कारण धरलं जायचं, १९९९ साली ते कायद्यातून काढलं, पण लोकांच्या डोक्यातून निघायला वेळ लागतो. दोन स्थळं गेली. तिसऱ्याला मी स्वतः पहिल्या भेटीतच सांगितलं, गोळ्यांचं पाकीट पर्समधून काढून दाखवलं, त्यांनी विचारलं फिट आली तर मी काय करायचं? त्यांच्याशीच लग्न झालं. मूल होऊ द्यायच्या आधी डॉक्टरांनी गोळी हळूहळू बदलली कारण व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. मुली हे वाचत असतील तर हात जोडून सांगते, गोळी मनाने बंद करू नका, पण लग्न ठरलं की लगेच डॉक्टरांशी हे बोला. माझी मुलगी आता कॉलेजला आहे, ठणठणीत आहे.

गेली काही वर्षं १७ नोव्हेंबरच्या आसपास, राष्ट्रीय अपस्मार दिन असतो तेव्हा, मी आपल्या तालुक्यातल्या शाळांत जाते आणि बाईंची ती दहा मिनिटं करून दाखवते. जगात पाच कोटी लोकांना हा आजार आहे, भारतात हजारात पाच-सहा जणांना, म्हणजे मोठ्या शाळेत चार-पाच मुलं असणारच. नीट उपचार मिळाले तर त्यातल्या शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी मी वर्गात विचारते की चप्पल हुंगवताना कोणी कोणी बघितलंय, आणि आजही निम्म्याहून जास्त हात वर येतात. आपल्या शाळेला माझी एकच विनंती आहे, या वर्षात जे काय कार्यक्रम होतील त्यात प्रत्येक वर्गाला ही दहा मिनिटं द्या, शिक्षकांना आणि शिपाईकाकांनाही, मी यायला तयार आहे, पाहिजे तितक्या वेळा.

मागच्या खेपेला एका शाळेत सगळे गेल्यावर एक मुलगी मागे थांबली. दप्तराचा पट्टा पिरगाळत म्हणाली, बाई, सकाळी माझो हात उडता. मी तिला वही दाखवायला सांगितली. रेघा होत्या. त्याच संध्याकाळी तिच्या आईकडे जाऊन बसले, पुढे डॉक्टर, ईईजी, सगळं वेळेत झालं, मोठी फिट अजून एकदाही आलेली नाहीय. गोळ्या सुरू झाल्यावर तिने मला एकच प्रश्न विचारला, माका जत्रेक जावक गावतला मा? मी म्हटलं, जा की, पण रात्री दहाला घरी येऊन झोप आणि पहाटे दहीकाल्याला उठून परत जा. मी तसंच करते दरवर्षी, ये माझ्याबरोबर.