संत्रं टाकायचं नाही

रविवारी सकाळी साडेआठला लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्याकडे अमेरिकेत पोर्टलंडला तेव्हा शनिवारची रात्र, आठ वाजलेले. मी वही उघडून बसतो. बायको पोहे भिजवता भिजवता ऐकवते, "घरात एक थेंब नाही अन् बाप-लेक सकाळी सकाळी दारूचा हिशोब करून राहिले!"

दारू आणि बिअर यातला फरक तिला समजावण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही.

नागपुरात बसून मी घरी बिअर करतो असा कोणाचा समज व्हायला नको. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. पितं कोण एवढं, देव जाणे. तर आमची वाटणी अशी: वही नागपुरात, पातेलं पोर्टलंडला. मी नागपूरच्या एलआयटीचा (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), फूड टेक्नॉलॉजीवाला. पुढची तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात गेली. गहू आणि वास, एवढ्या दोन गोष्टी मला बऱ्यापैकी कळतात, आणि आमच्या या गव्हाच्या बिअरमध्ये भांडण नेमकं त्याच दोघांचं आहे.

गेल्या जुलैत मी तिच्याकडे होतो. तिने एक बाटली आणली होती, श्नायडरची होपफेनवाइस. केलहाइमचे श्नायडर आणि न्यूयॉर्कचे ब्रुकलिन, या दोन ब्रुअरींनी २००७ मध्ये मिळून काढलेली. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, पण ८.२ टक्के अल्कोहोल आणि वरून हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, भरपूर सुगंध. जर्मन गव्हाची बिअर एरवी सौम्य असते, पाच-साडेपाच टक्क्यांची आणि कडवटपणा नावाला. मी अर्धाच ग्लास घेतला, पण वास किती तरी वेळ घेत बसलो. लेक म्हणाली, "बाबा, आपण करून पाहू."

पाहिलं. वाट लागली.

पहिली चूक माझी. गव्हाला फोल नसतं, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. जवाच्या दाण्याला असतं, आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवल्यावर त्याच फोलांच्या थरातून गोड पाणी गाळून खाली येतं. आम्ही माल्टमध्ये सत्तर टक्के गहू घातला आणि ते ज्यात भिजवलं त्या आइसबॉक्सची तोटी उघडली. चार थेंब आले आणि थांबले. आत कणकेचा लगदा झालेला. लेक नळीत फुंकर मारतेय, मी उलथन्याने ढवळतोय, असं रात्री एकपर्यंत चाललं. यावर उपाय साधा आहे, धानाची टरफलं मिसळायची. तिकडे ती धुऊन वाळवून पिशवीत विकायला असतात. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलच्या मागे त्यांचे डोंगर लागलेले असतात! मी किंमत विचारली आणि गप्प बसलो.

दुसरी चूक गॅरेजची. तिथे २९ अंश होते. गव्हाच्या बिअरचं यीस्ट मुळातच वर उसळणारं, त्यात पाणी दाट आणि हवा गरम. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणातली नळी उडालेली, छतावर पिवळे शिंतोडे आणि गॅरेजभर केळ्याचा वास. हा वास मी डोळे मिटून ओळखतो. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. कारखान्यात केळ्याच्या इसेन्सच्या बाटल्यांतून आम्ही हेच वापरायचो. यीस्टला गरम आणि दाट पाण्यात घातलं की ते हे ढिगाने तयार करतं.

तिसरी चूक हॉप्सची. तिने चीडाच्या डिंकासारख्या वासाचं चिनूक घातलं, तेही मूठ सैल सोडून. महिन्याभराने चाखलं तर पुढे केळ्याचं शिकरण, मागे टर्पेंटाइन. मी तिला म्हटलं, कडवटपणा जिभेवर किती वेळ राहतो ते बोटांवर मोज. दोन्ही हातांची बोटं संपली तरी तो होताच.

नागपूरला परत आल्यावर वहीचं पान कोरं घेतलं आणि वर एकच ओळ लिहिली: लवंग ठेवायची, केळं दाबायचं, हॉप्सने लवंगेशी भांडायचं नाही.

या बिअरमध्ये लवंग कोणी टाकत नाही, तरी तिचा वास येतो. माल्टच्या पेशीभित्तीत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. ४४ अंशांवर पंधरा मिनिटं भिजवलं की ते मोकळं होतं, मग यीस्ट त्याचं ४-व्हिनाइलग्वायकॉल करतं. खऱ्या लवंगेतल्या युजेनॉलचा हा जवळचा नातेवाईक. आता सावजी रश्श्याचा विचार करा. लवंग-दगडफूल आधीच बोलत असताना वरून आणखी एक कडक, रेझिनसारखा मसाला ओतला तर फक्त घसा खवखवतो. लवंगेच्या बाजूला आंबट-गोड सालीचा वास चालतो. म्हणून चिनूक बाद. त्याच्या जागी अमरिलो, ज्यात संत्र्याच्या सालीचा भास आहे, आणि जर्मनीचं सफिर, फुलासारखं.

इथे टपरीवरच्या दोस्ताची गोष्ट सांगायलाच हवी. तर्री पोहे खाता खाता त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून बे, एवढी डोकेफोड कशाला? संत्रं टाक ना त्यात! नागपूरचा माणूस तू!" त्यानंतर मेहुण्याने तेच सांगितलं. बायकोने तर साल वाळवून लेकीकडे पाठवायची तयारीही दाखवली. बेल्जियममध्ये विटबिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे घालतात, हे खरं. पण ती बिअर हलकी असते आणि तिथे हॉप्स गप्प असतात. इथे हॉप्सनाच बोलायचंय. साल टाकली तर वास हॉप्सचा की सालीचा हे कळणार नाही, आणि मग पुढच्या वेळी सुधारायचं काय? नाही म्हणजे नाही.

मग आकडे. एकोणीस लिटरला गव्हाचं माल्ट ३.७ किलो, जवाची माल्टं दोन: पिल्सनर २ किलो, म्युनिक ३०० ग्रॅम. गहू बासष्ट टक्के झाला. जर्मन नियमाला निम्मा तरी लागतोच. धानाची टरफलं पाव किलो. शिवाय ३०० ग्रॅम साखर उकळताना. लेकीला ही साखर पटत नव्हती. पण आठ टक्क्यांची बिअर नुसत्या माल्टवर केली तर ती खिरीसारखी जड होते. साखर पूर्ण आंबते, तोंडात काही ठेवत नाही. सुरुवातीची घनता १.०७५, शेवटी १.०१४ पर्यंत उतरली तर वजाबाकीला १३१ ने गुणून बरोबर आठ टक्के येतात.

हॉप्समध्ये तासभर उकळायला मॅग्नम २० ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत अमरिलो ३०, आच बंद करून ऐंशी अंशांवर आल्यावर दोन्ही मिळून ५०, आणि आंबणं संपत आल्यावर थंड्यात सफिर ६०. कडवटपणा आयबीयू या मापात चाळीसच्या आसपास. पहिल्या वेळी सत्तरच्या वर गेला होता. पोर्टलंडचं पाणी बुल रन नदीचं, अगदी मऊ. त्यात ती जिप्सम टाकणार होती, मी अडवलं. जिप्समने कडवटपणाला धार येते, आणि आपल्याला ती बोथट हवी होती. थोडं कॅल्शियम क्लोराइड टाकलं.

सगळ्यात जास्त वाद यीस्टवर झाला. वाण पहिल्या वेळचंच, वायईस्ट कंपनीचं ३०६८. केळं हवं असेल तर लोक मुद्दाम यीस्ट कमी घालतात, म्हणून मी उलट दोन पाकिटं घालायला लावली. तपमान १७ अंश, पाच दिवस हलवायचं नाही, मग हळूहळू २० पर्यंत. एप्रिलमध्ये तिचं गॅरेज तसंही गारच होतं. इथे माझा कूलर अठ्ठावीसच्या खाली येत नव्हता आणि मी तिला रोज विचारत होतो, "सतराच ना?" तिसऱ्या दिवशी तिने उत्तरच दिलं नाही, नुसता थर्मामीटरचा फोटो पाठवला.

बाटल्यांत लिटरला ७ ग्रॅम साखर, तीन आठवडे कपाटात.

परवाच्या रविवारी तिने पहिली बाटली उघडली. फेस ग्लासच्या वर टोपीसारखा उभा राहिला आणि बसेचना. रंग गढूळ, पिकलेल्या लिंबाचा. तिने नाक घातलं आणि काही बोललीच नाही. मी इकडे पंख्याखाली वही धरून.

"लवंग आहे," ती म्हणाली. "केळं आहे, पण मागच्या खोलीत. आणि बाबा, तुम्ही साल पाठवली नाही ना नक्की?"

"आईला विचार."

तिने एक घोट घेतला. मी म्हटलं, मोज. ग्लास खाली ठेवून, तोंड मिटून तिने स्क्रीनसमोर एकेक बोट उघडायला सुरुवात केली. बायको पोह्याची पातेली घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. पाच झाली. दुसरा हात वर आला. सातव्या बोटावर थांबली.