आमची वाटचाल : ९४ दिवसांचा हिशेब

कळंब–लातूर रस्त्यावर आमचा छोटा कारखाना आहे. जुन्या ठिबकच्या नळ्या, फाटका मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), खताच्या रिकाम्या गोण्या असा शेतातला प्लास्टिकचा कचरा आम्ही गोळा करतो. तो कापतो, धुतो, वितळवतो आणि दाणा करून पाइपवाल्यांना विकतो. २०१३ साली सुरुवात केली तेव्हा एक ग्राइंडर, एक जुनं मशीन, चार माणसं, मी आणि आक्का एवढाच पसारा होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आज अठरा माणसं आहेत, दोन पिकअप आहेत आणि कर्ज फिटत आलंय. मधे ९४ दिवसांच्या प्रदूषणाची पावणेबारा लाख भरपाई भरायचा आदेश आला. त्याचं आम्ही काय केलं, ती ही गोष्ट.

हा धंदा का निवडला, ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे ठिबक आलं, ऊस-सोयाबीनला पाणी पुरायला लागलं. पण चार-सहा वर्षांनी नळी फुटली की शेतकरी तिचं करणार काय? बांधावर ढीग घालून पेटवायचा. माझ्या वडिलांनीही पेटवल्यात. तो काळा धूर आणि घशात बसणारा वास लहानपणापासून ओळखीचा. नळीला किलोमागे चार पैसे मिळतात म्हटल्यावर गावोगावचे भंगारवाले ती आणून घालायला लागले. मल्चिंग पेपरचं मात्र आजही अवघड आहे. पातळ कागद, निम्म्याहून जास्त वजन मातीचंच. धुतल्याशिवाय त्याचा दाणा होत नाही, आणि धुणं म्हटलं की पाणी.

पाण्याचा धडा २०१६ ने दिला. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. माणसांनाच प्यायला नाही तिथं प्लास्टिक धुवायला टँकर मागायची लाज वाटायची. चार महिने धुणं बंद ठेवलं आणि त्या काळात तीन कप्प्यांचा हौद बांधला. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात पाणी निवळायचं, तिसऱ्यातून मोटर लावून तेच पाणी पुन्हा धुण्याला घ्यायचं. बाहेर थेंब सोडायचा नाही हे कारखाना चालवायच्या आमच्या संमतीपत्रातही आहे, पण त्याआधी आमची गरजच तशी होती. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा लोक विचारायचे, आता तुमचं कसं? बंदी पिशव्या-थर्माकोलवर होती. आमचा कच्चा माल शेतात पडूनच होता.

आता मूळ गोष्टीकडे, त्या आदेशाकडे येतो. पुनर्वापर, कचरा वाहतूक, विल्हेवाट असल्या धंद्यातले लोक मला हल्ली फोन करून तेच विचारतात.

सप्टेंबर २०२१ च्या शेवटी चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस मराठवाड्यावर आला. २८ तारखेला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडले. नदीकाठची शिवारं पाण्यात गेली, आमच्या आवारात गुडघाभर पाणी. हौदाच्या दुसऱ्या कप्प्याची भिंत त्याच रात्री खचली. चोहीकडे पाणीच पाणी, त्यात आमचं कुठलं आणि पावसाचं कुठलं हे कळायचा मार्ग नव्हता. पाणी ओसरायला लागलं तसं शेजारचे तात्या बांधावरून हाक मारत आले, "भाऊ, इकडं राखाडी पाणी यायलंय, बघ बरं." मी गेलो. त्यांच्या दीड एकर सोयाबीनच्या कडेला राखाडी गाळाचा पट्टा पडला होता. सोयाबीन पावसानेच गेलं होतं. पण तो पट्टा आमचा होता. तात्यांना मी तिथंच सांगितलं, गाळ खरवडून नेतो आणि नुकसान देतो. दिलंही.

४ ऑक्टोबरला पाहणी झाली. ज्यांच्या अखत्यारीत आम्ही येतो त्या कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही, कारण भांडण माणसांशी नव्हतं. आलेल्या साहेबांनी खचलेली भिंत बघितली, नमुना घेतला, माझी सही घेतली. प्रत मागायचं मला सुचलं नाही. त्या दिवसापासून धुणं बंद केलं. टाकी उपसली, गवंडी लावले, भिंत आरसीसीची केली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १४ तारखेला काम पूर्ण झाल्याचं पत्र फोटोसह कार्यालयात दिलं आणि फेरपाहणीची विनंती केली. पोच म्हणून आवक शिक्का घेतला. दसऱ्याला यंत्रांची पूजा करून धुणं सुरू केलं.

फेरपाहणी झाली ५ जानेवारीला. सगळं ठीक असल्याचं साहेब म्हणाले. आणि फेब्रुवारीत रजिस्टर पोस्टाने आदेश आला : पर्यावरणीय नुकसानभरपाई, रुपये ११,७५,०००, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर वीज तोडण्याची कारवाई.

तो आकडा वाचून मी खुर्चीत बसून राहिलो. आमच्या सगळ्या माणसांचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात होते. आक्काने आदेश माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि विचारलं, "ह्यो आकडा आला कुठनं, ते लिवलंय का?"

लिहिलं होतं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक सूत्र आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, मान्य केलेलं. त्यात पाच संख्यांचा गुणाकार असतो. पहिली उद्योगाच्या प्रदूषणवर्गाची : लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. दुसरी उल्लंघनाचे दिवस. तिसरी रुपयांचा गुणक, साधारण २५०. चौथी उद्योगाचा आकार : सूक्ष्म किंवा लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५. पाचवी जागेची, आणि दहा लाखांखालच्या वस्तीला ती १ धरतात. आम्ही नारिंगी वर्गात. ५० गुणिले ९४ दिवस गुणिले २५० गुणिले १ गुणिले १. बेरीज-वजाबाकीची चूक कुठंच नव्हती. चूक होती ती आत घातलेल्या दोन संख्यांत.

ज्यांना असा आदेश येईल त्यांनी एकूण रकमेकडे बघून घाबरण्याआधी ती कशी आली ते उलगडून बघावं. आम्हाला 'मध्यम' उद्योग धरलं होतं. आमची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योगाची आहे. तेव्हाच्या, म्हणजे १ जुलै २०२० पासून मार्च २०२५ पर्यंत लागू असलेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्री एक कोटीच्या आत आणि उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तो सूक्ष्म ठरायचा. सीएचा दाखला जोडला की १ चा ०.५ होतो, म्हणजे रक्कम थेट निम्मी.

दिवसांचं प्रकरण कठीण होतं. सूत्राच्या शब्दांत उल्लंघन दिसलं त्या दिवसापासून पूर्तता 'पडताळली' त्या दिवसापर्यंतचे दिवस धरायचे. ४ ऑक्टोबर ते ५ जानेवारी, बरोबर ९४. कागदावर त्यांचं बरोबर होतं. पण पडताळणीला कोणी आलं नाही ते दिवस आमच्या प्रदूषणाचे कसे?

ओळखीच्या एका सल्लागाराने सांगितलं, अशी रक्कम लावायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाला अधिकारच नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने तसं म्हटलंय, तेवढ्यावरच लढा. लातूरचे आमचे वकील याला तयार झाले नाहीत. ते म्हणाले, "अधिकाराचा मुद्दा कधीही फिरू शकतो. तुमची खरी बाजू दिवसांची आहे, ती मांडा." हा सल्ला किती मोलाचा होता ते पुढे कळलं. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोधी प्रॉपर्टी प्रकरणात तो निकाल फिरवला. मंडळं जल कायद्याचं कलम ३३अ आणि वायू कायद्याचं कलम ३१अ वापरून नुकसानभरपाई लावू शकतात, असं ठरलं. मात्र ही भरपाई म्हणजे फौजदारी शिक्षेचा दंड नव्हे. ती नियम करून, पारदर्शकपणे आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळूनच, म्हणजे आधी समोरच्याची बाजू ऐकूनच लावायची, हेही त्याच निकालात आहे.

वकिलांनी पहिल्या भेटीत विचारलं, पाहणी अहवालाची प्रत कुठाय? नव्हती. अर्ज करून, दोन चकरा मारून नवव्या दिवशी मिळाली. आदेशाआधी कारणे दाखवा नोटीस आली होती का? आली नव्हती. मुदत? कलम ३३अ खालच्या आदेशावर हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. "त्या साठाच्या भरवशावर राहायचं नाही," असं त्यांनी बजावलं. एकीकडे कार्यालयाकडे सुनावणीचा अर्ज आणि दुसरीकडे पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे अपील, दोन्ही केलं. अपील सव्विसाव्या दिवशी दाखल झालं.

आणि मग पुरावा. आमच्याकडे काय होतं? आक्काची वही.

पहिल्या दिवसापासून आक्का रोज संध्याकाळी लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहिते. माल किती आला, दाणा किती निघाला, हजेरी, टँकर आला का, मीटरचं रीडिंग, लाइट कधी गेली, कधी आली. मी कितीदा म्हटलं असेल, कॉम्प्युटर घेऊ. ती म्हणायची, घे की, पण मी वहीत लिहिणार. त्या वहीत ५ ते १४ ऑक्टोबर धुण्याची मोटर बंद होती, हे रोजच्या रीडिंगवरून दिसत होतं आणि ते वीज बिलाशी जुळत होतं. गवंड्यांची हजेरी होती. सिमेंट-गजाची बिलं त्याच पानांना टाचलेली. दसऱ्यानंतर टँकर आठवड्याला एकच आला होता, म्हणजे पाणी आतल्या आत फिरत होतं, बाहेर जात नव्हतं.

वकील म्हणाले, ४ ऑक्टोबरपासूनची पानं जोडू. आक्काने वही मिटली. "द्यायची तर सबंद द्यायची. मधलीच पानं दिली तर कोण खरं मानंल?" अडचण अशी की २८ सप्टेंबरच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : रात्रभर पाऊस. लाइट नाही. दोन नंबर हौदाची भिंत खचली. पाणी नाल्याकडं. कार्यालयाने आमचा दोष ४ ऑक्टोबरपासून धरला होता. आमची वही तो सहा दिवस आधीपासून सांगत होती. सगळी वही द्यायची म्हणजे स्वतःहून सहा दिवस वाढवून घ्यायचे.

आम्ही सगळी वही दिली.

सुनावणी मे महिन्यात झाली. नवीन अधिकारी मॅडम होत्या. त्यांनी पानं स्वतः उलटली, २८ तारखेशी थांबल्या, मला विचारलं, "हे तुम्ही आम्हाला दाखवताय?" मी म्हटलं, त्या दिवसापासूनचं पाणी आमचंच होतं, १४ ऑक्टोबरनंतरचं नव्हतं. त्यांनी आवक शिक्क्याचं पत्र मागवून आपल्या नोंदवहीशी ताडून बघितलं. नोंद सापडली.

महिन्याभराने सुधारित आदेश आला. लहान उद्योग, ०.५. दिवस २८ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, १७. ५० गुणिले १७ गुणिले २५० गुणिले ०.५, म्हणजे १,०६,२५० रुपये. आठवड्यात भरले आणि अपील मागे घेतलं. वकिलांची फी, पुण्याच्या चकरा, बुडालेलं काम धरलं तर खर्च त्याहून जास्तच झाला. तरी ते पैसे भरताना माझ्या मनात कडवटपणा नव्हता, कारण ते १७ दिवस आमचेच होते.

त्यानंतर कारखान्यात दोन गोष्टी बदलल्या. पाहणीला कोणीही आलं तरी अहवालाची प्रत जागीच मागतो. ती नाही मिळाली तर पाहिलेल्या पानाचा फोटो घेतो आणि त्याच दिवशी ईमेल करतो. आणि आक्काच्या वहीत एक नवा रकाना आला, हौदाची पातळी, सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात तो रकाना भरायला तात्यांचा नातू येतो. बारावी झाल्यावर तो आमच्याकडेच लागलाय.

परवा उदगीरकडचे एक प्लास्टिकवाले आदेश घेऊन आले होते. रक्कम आमच्याहून मोठी. हात थरथरत होते बिचाऱ्यांचे. चहा दिला, आदेशाचं शेवटचं पान काढलं आणि तारखा कागदावर मांडल्या. अपिलाला अजून एकवीस दिवस होते. आक्काने आतून विचारलं, "वही लिवता का हो तुमी?" ते म्हणाले, मुनीम लिहितो, पण ती गावाकडं आहे. आक्का म्हणाली, उद्या घेऊन या, सगळी.