घरपट्टीची सुनावणी आणि न येणारे साहेब

नगरपालिकेच्या चतुर्थवार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, कर आकारणीची नोटीस हातात पडली तेव्हा मी आधी चष्मा पुसला. घरपट्टी १,८४० वरून थेट ६,९१० रुपये! मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, जिच्यात माझी बंद पडलेली लूना आणि सरपण असतं, ती 'आरसीसी, दुकान' म्हणून लागली होती. लेखी हरकत दिली, आवकचा शिक्का घेतला, पाच मिनिटांत मोकळा झालो.

पुढचे चार महिने सुनावणीने खाल्ले.

कर विभागाच्या खिडकीशी तीनदा भांडलो. वसुली लिपिक पोरगा शांतपणे ऐकून घ्यायचा. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, आकडा आम्ही लावतच नाही, आम्ही नुसती वसुली करतो. लावणारे साहेब नगररचनाचे." हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? घराचं करमूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी बसते तो आकडा, ठरवायला शासनाच्या नगररचना विभागातला माणूस 'प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी' म्हणून नेमलेला असतो. पालिकेतले कर निरीक्षकही राज्यसेवा संवर्गातले, बदली होऊन आलेले. आणि मी दोन संध्याकाळी नगरसेवकाच्या ओसरीवर चहा पीत घालवल्या होत्या!

पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या तारखेला दारावर चिकटवलेला कागद: 'सुनावणी पुढे ढकलली आहे'. फोन नाही, निरोप नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजी रिक्षाला पैसे घालून आल्या होत्या, त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. तिसऱ्या तारखेला अकराची वेळ, साहेब दीडला. सभागृहात माणसांची जत्रा आणि दोन पंखे. माझा नंबर चारला लागला.

"फोटो?" दिले. "जुनी पावती, उतारा?" दिला. त्यावर शेड 'पत्रा' म्हणून आधीपासूनच होती. साहेबांनी लाल पेनाने 'आरसीसी, दुकान' खोडलं, 'पत्रा, स्वतःचा वापर' लिहिलं, सही केली. दोन मिनिटं.

हो, एक राहिलंच. निकाल लागेपर्यंत मागच्या वर्षाइतकी रक्कम भरून टाका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. हे त्या पोरानेच सुचवलं, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. आणि नोटिशीत रोजगार हमी कराची ओळ आहे का ते आधी बघा. तो कर बिगरनिवासी वापरालाच लागतो. तुमच्या साध्या राहत्या घराला दिसला, तर समजा की मोजणीवाल्याने तुम्हाला दुकान काढून दिलंय. मी ती ओळ महिनाभर वाचत होतो आणि सरकारला शिव्या देत होतो.

सुधारित बिल आलं २,३१५ चं. द्यायला तोच पोरगा आला. शेडमध्ये डोकावला, लूनाकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, दुकान जोरात चाललंय."