१९९६ ची पावती

२००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सिनेटमध्ये फिशिंगविरोधी विधेयक आलं, एस. २६६१. ते मांडलं होतं सिनेटर ऑलिंपिया स्नो यांनी. डोमेननावांच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांच्या, भांडणात लहान मालकांची वकिली करणं हे माझं काम, त्यामुळे मसुदा त्याच दिवशी वाचून काढला. बँकेच्या नावासारखं नाव घेऊन लोकांचे पासवर्ड लुबाडणाऱ्यांना चाप बसायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नव्हता. पण डोमेननावांच्या कलमात संरक्षण ‘ब्रँडनेम’ला दिलं होतं. ट्रेडमार्कला नव्हे.

फरक मोठा आहे. ट्रेडमार्क म्हटलं की कोणत्या मालासाठी आणि कधीपासून, हे दाखवावं लागतं. म्हणून तर डेल्टा नावाची विमानकंपनी आणि डेल्टा नावाचे नळ एकाच देशात नांदतात. ब्रँडनेम मात्र कोणीही कशालाही म्हणावं. शिवाय सायबरस्क्वॉटिंग म्हणजे दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं डोमेन नफ्यासाठी बळकावणं; त्याविरोधी १९९९ च्या कायद्यात दोन अटी आहेत: नाव घेणाऱ्याचा नफेखोरीचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो, आणि त्याने नाव नोंदवलं तेव्हा समोरच्याचा ट्रेडमार्क आधीच वेगळा ओळखू येणारा असावा लागतो. नव्या कलमात या दोन्ही अटी मला सापडल्या नाहीत.

मार्चमध्ये एका सिनेटरांच्या कार्यालयात वीस मिनिटांची वेळ मिळाली. सोबत माझे एक अशील होते, साठी उलटलेले, निवृत्त शिक्षक. त्यांचं डोमेन म्हणजे एका पक्ष्याचं साधं इंग्रजी नाव. साइटवर पक्ष्यांचे फोटो, नोंदी आणि कडेला थोड्या जाहिराती. महिन्याभरापूर्वी त्यांना एका कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं होतं: नाव आमच्या हवाली करा, नाहीतर कायद्याप्रमाणे एका नावामागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाई मागू. कायद्यातली रक्कम १ हजारापासून सुरू होते, हे पत्रात नव्हतं. अशा पत्रांत ते कधीच नसतं, आणि घाबरून नाव सोडून देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

सिनेटरांची कार्यालयं असलेल्या डर्कसन इमारतीत सुरक्षा तपासणी, लांबलचक संगमरवरी मार्ग, मग एक अरुंद खोली. सिनेटर भेटणार नव्हत्याच. भेटल्या त्यांच्या विधिविषयक सहायक, तिशीही न गाठलेल्या. मी एका पानाचं टिपण पुढे केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि आपल्या फायलीतलं एक पत्र वाचून दाखवलं. मतदारसंघातल्या एका वृद्ध बाईंचं. बँकेच्या नावात एकच अक्षर जास्त, आणि खात्यातली पुंजी गेली. ‘यांना मी काय सांगू?’ त्यांनी विचारलं.

मी तयारी करून गेलो होतो, तरी पटकन उत्तर सुचलं नाही. फिशिंगची कितीतरी पानं हॅक केलेल्या दुसऱ्याच साइटवर चालतात, नावाशी त्यांचा संबंधही नसतो, असं मी सांगू लागलो. ते खरं होतं, पण त्या बाईंच्या पत्राला ते उत्तर नव्हतं.

तेवढ्यात आमच्या गुरुजींनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून टेबलावर ठेवला. डोमेननावं नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीची पावती, १९९६ ची. दोन वर्षांचे १०० डॉलर. तेव्हा तोच दर होता. शाई पिवळट पडलेली, तारीख मात्र स्वच्छ. ते शांतपणे म्हणाले, ‘त्या कंपनीने हे नाव ब्रँड म्हणून २००४ मध्ये घेतलं. त्या बाईंना लुटणाऱ्याला जरूर पकडा. पण तुमच्या कायद्यात तो आणि मी वेगळे कसे ओळखू येणार, तेवढं सांगा.’

सहायकबाईंनी पावती हातात घेतली, मग मसुदा उघडून ते कलम पुन्हा वाचलं. ‘इथे तारखेचा प्रश्नच येत नाही,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मला: ‘तुम्हाला कोणते शब्द हवेत?’

लॉबिंगमध्ये मला यापेक्षा मोलाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. तरीही पर्यायी शब्द मी लिहून नेले नव्हते. ती माझी चूक. टिपणाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी १९९९ च्या कायद्यातल्या दोन्ही अटी आठवून लिहिल्या, आणि ब्रँडनेमच्या जागी ट्रेडमार्क. त्यांनी त्याची आणि पावतीची झेरॉक्स काढून घेतली. वीस मिनिटांची भेट पाऊण तास चालली.

ते विधेयक पुढे समितीतच राहिलं आणि त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली तसं निकालात निघालं. आमच्यामुळे, असं मी म्हणणार नाही. विरोध करणारे पुष्कळ होते. त्या दुपारी तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चालत युनियन स्टेशनला आलो. गुरुजींच्या गाडीला तासभर होता आणि कंपनीच्या पत्राला उत्तर द्यायचे चारच दिवस उरले होते. बाकावर बसून आम्ही उत्तराचा मसुदा करायला घेतला. पहिल्याच ओळीत पावतीची तारीख घातली.