तुम्ही विचारलंत म्हणून: धातूंचा धडा गंजापासून का?

"बाई, पुस्तकात आधी धातूंचे गुणधर्म, मग धातुकं, मग निष्कर्षण आणि गंज अगदी शेवटी. तुमच्या वर्गाच्या वह्यांत मात्र पहिल्याच पानावर गंज. असं का?"

दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. कधी वही चाळणारे पालक, कधी नव्याने रुजू झालेले विज्ञानाचे सर. उभ्याउभ्या सांगून भागत नाही, म्हणून लिहिते.

आमची शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खिडक्यांचे गज कितीही रंगवा, खाऱ्या हवेने रंगाखालून फुगतात. भिंती चिऱ्याच्या. पहिल्या तासाला मी दहावीच्या मुलांना खिडकीशी नेते, गजावरचा पोपडा खरवडून एका कागदावर घ्यायला सांगते आणि त्याच्या शेजारी चिऱ्याचा थोडा चुरा. दोन्ही ढिगल्या शेजारीशेजारी ठेवल्या की कुठली कशाची, हे ओळखताना मुलं अडखळतात. चिरा म्हणजे जांभा. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातलं विरघळणारं बरंचसं धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. गजावरचा गंज हेही लोहाचं पाणी धरलेलं ऑक्साइडच. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी त्या ढिगल्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाई, गज परत दगड व्हायला लागलाय."

पुढचे सगळे तास मी तिचंच वाक्य शिकवते.

कारण ते एकदा पटलं की निष्कर्षण पाठ करावं लागत नाही. गज दगडाकडे परत निघालाय, तर मुळात त्याला दगडातून बाहेर कोणी आणि कसं काढलं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. मग मी महाबळेश्वरच्या धावडांची गोष्ट सांगते. तिथल्या डोंगरांतल्या लोहयुक्त जांभ्यापासून ते लोखंड काढत. मातीची भट्टी, भाता आणि लोणारी कोळसा. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो ऑक्साइडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. लोखंड वितळतं 1538 अंश सेल्सिअसला. अशा भट्टीत तेवढी उष्णता होत नाही, म्हणून हाती येतो तो मळी (दगडातला वितळलेला गाळ) अडकलेला सच्छिद्र गोळा. तो तापवून ठोकायचा, मळी बाहेर काढायची. 'क्षपण', म्हणजे ऑक्साइडातला ऑक्सिजन काढून घेणं, हा शब्द मी याच्यानंतर फळ्यावर लिहिते.

जस्त तर भट्टीतच परत फिरतं. कार्बनने ते मोकळं करायला हजारच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंश लागतात, पण जस्त 907 अंशांनाच उकळतं. म्हणजे ते वाफ होऊनच निघतं आणि हवा लागली की जळून पुन्हा पांढरं ऑक्साइड. उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगातल्या कारागिरांनी यावर उपाय शोधला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टीत 36, तोंडं खाली करून बसवलेल्या. वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरायची आणि हवा लागण्याआधीच तिचं जस्त व्हायचं. छपराच्या पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा मुलं रोज बघतात. त्यामागे एवढं डोकं लढवलं गेलंय, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या भाषेबद्दल. आपण म्हणतो, 'गंजाने लोखंड खाल्लं.' त्यामुळे जवळजवळ सगळा वर्ग ठामपणे सांगतो की गंजल्यावर वजन कमी होतं. मी वाद घालत नाही. स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा पुंजका, घेते (भांड्याची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजतच नाही), थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून तेलकटपणा काढते, धुऊन वाळवून बशीसकट तोलते. रोज साध्या पाण्याचा शिडकावा. मिठाचं पाणी नको, मिठाचंच वजन चढतं. शेवटी उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा तोलायचं. काटा जास्त दाखवतो. दुसरा ओला पुंजका परीक्षानळीच्या तळाशी दाबून नळी पाण्यात पालथी घालते. दोन-तीन दिवसांत पाणी नळीत साधारण एक पंचमांश वर चढतं आणि थांबतं. जे वजन वाढलं ते नळीतल्या हवेतून आलं, हे कुणी सांगावं लागत नाही. मग लक्षात येतं की आपली भाषा 'गंज चढला' असंही म्हणते, आणि ते अगदी बरोबर आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी ॲल्युमिनियमला देते. अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे कोणता धातू किती चटकन अभिक्रिया करतो त्या क्रमात, ते लोखंडाच्या वर, मग डबा वर्षानुवर्षं टिकतो कसा? तर ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, हवा लागताक्षणीच. पण तो थर अतिशय पातळ आणि घट्ट चिकटलेला, आतल्या धातूला झाकून टाकणारा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो आणि मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. व्हरांड्याच्या स्लॅबचा पोपडा पडून आतली सळई उघडी पडली, ती याच फुगण्याने.

पण ॲल्युमिनियम ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं, की धावडांची कोळशाची भट्टी तिथे हात टेकते. वीजच लागते. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळायला 2000 अंशांहून जास्त तापमान हवं. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांचाही जन्म 1863 चा, एकमेकांच्या कामाचा पत्ता नसताना एकाच युक्तीपाशी पोहोचले. ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात विरघळवायचं, म्हणजे साडेनऊशे-हजार अंशांत काम होतं. तरीही एका किलोला 14 युनिटच्या आसपास वीज जाते. मी मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराच्या विजेत जेमतेम सात किलो धातू निघतो. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास ऊर्जा पुरते. भंगारवाला ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा जास्त भाव का देतो, हे मग मुलं घरी जाऊन सांगतात.

मार्कांची काळजी असते, ती मी समजू शकते. उजळणी पुस्तकाच्याच क्रमाने होते, समीकरणंही सगळी होतात.

नव्या सरांसाठी एक. धड्याची पाळी येईपर्यंत पाऊस आणि त्याची गंज चढवणारी दमट हवा सरलेली असते. स्टील वूल जूनमध्येच तोलून ठेवा आणि पहिला आकडा मुलांच्या अक्षरात तारखेसकट भिंतीवर लावा.