आधी पलंग, मग प्लॅन

पहिल्याच बैठकीत क्लायंट विचारतात, "प्लॅन कधी दाखवताय?" पूर्वी मी तो, म्हणजे घराचा वरून दिसणारा नकाशा, आठवड्याभरात दाखवायचो. आता आधी सेक्शन काढतो, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते. ही सवय एका घराने लावली.

त्या घरातल्या आजी बहुतेक वेळ पलंगावरच असायच्या. मी काढलेली त्यांची खोली ऐसपैस होती, दार ९०० मिलिमीटरचं, चाकांची खुर्ची वळायला पुरेशी जागा. सगळ्यांना पसंत पडली. सहज म्हणून मी ती ऑफिसच्या फरशीवर टेप लावून खऱ्या मापात आखली, खिडकीच्या सिलच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, जागी ९०० मिलिमीटरवर दोरी बांधली आणि पलंगाच्या जागी बाकडं ठेवून आडवा झालो. (सहकारी हसले. हसू देत.) उशीवरून माझी नजर जेमतेम ६०० वर. म्हणजे अंगण नाही, येणारं-जाणारं माणूस नाही, नुसतं आभाळ. आणि छताच्या बरोब्बर मध्ये दाखवलेला दिवा थेट डोळ्यांत.

फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग रुग्णालय आल्व्हार आल्टो यांनी झोपलेल्या माणसाच्या नजरेतून आखलं होतं. ते १९३३ मध्ये पूर्ण झालं. छताला शांत हिरवा रंग, डोळ्यांवर न येणारा दिवा, पाणी पडताना आवाज होणार नाही असं बेसिन. कॉलेजात परीक्षेला मी हे सगळं लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते!

मग सेक्शन काढायला बसलो. सिल ४५० वर आणली, खालच्या भागात न उघडणारी लॅमिनेटेड काच घेतली, दिवा पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर नेला. त्याच कागदावर आणखी एक चूक सापडली. दिवसाचा उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच कामाचा असतो, आणि माझी बैठकीची खोली त्याहून खोल होती. प्लॅनमध्ये ही उंची दिसतच नाही, त्यामुळे दोन महिने कुणालाच कळलं नव्हतं.

आता क्लायंटकडून खोल्यांची यादी घेत नाही, दिवसभरात कोण कुठे बसतं, कुठे आडवं होतं ते विचारतो. साइटवर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन फेऱ्या ठरलेल्या.

घर झाल्यावर भेटायला गेलो तर पलंग उलटा फिरवलेला. आजींना खिडकीपेक्षा दार दिसायला हवं होतं. उशाकडचा दिवा आता समोरून डोळ्यांत येत होता. दिवसाची हकिकत मी घरातल्या सगळ्यांना विचारली होती, आजींना सोडून.